गोष्टीतल्या बापाने भाषण केलं नव्हतं

प्रिय ठकू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र दोन दिवस तसंच ठेवून देशील, हे मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी उघडशील, कारण बंद पडलेली वस्तू तुझ्याच्याने फार वेळ बघवत नाही. तर आधीच सांगतो, यात उपदेश नाही. असं लिहिणार म्हटल्यावर तुझी आई म्हणाली की ते वाचून तुला हसू येईल. येऊ दे.

घरी सगळं ठीक आहे. स्वयंपाकघराचा नळ मी दुरुस्त केला, त्यामुळे आता मोरीचाही दुरुस्त करायचा झालाय. आई दर रविवारी दुपारी तुझ्याशी फोनवर बोलते, तेव्हा मी शेजारच्या खोलीत बूट पुसत असतो. गेल्या दोन वर्षांत आपल्या गल्लीत माझ्याइतके चकचकीत बूट कोणाचे नाहीत. तुझा आवाज काही ऐकू येत नाही, पण आई प्रत्येक वाक्य परत म्हणते. ती हे मुद्दाम करते, हे मला फार उशिरा कळलं.

आता खरी बातमी. आपल्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आले आहेत. वय तुझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त असेल, आवाज मऊ, आणि माणूस दिसतो त्याहून बेरकी. आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात ते आमच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासाला येऊन मागे बसले. मी त्या दिवशी सहनशीलतेवर बोललो. पंधरा मिनिटांचं बोलणं होतं, ते पाऊण तास चाललं. बस चालवणारे काका दोनदा पेंगले आणि एकदा झोपेतच ब्रेक दाबल्यासारखा त्यांनी पाय आपटला. शेवटी पाळकसाहेबांनी माझे आभार मानले आणि म्हणाले की सहनशीलतेचा सराव तर सगळ्यांचा झालाच आहे, तर आता पुढेही सरावच करू. दर आठवड्याला बायबलमधलं एक वचन घ्यायचं, सात दिवस ते आपल्या कामाच्या जागी पाळायचं आणि पुढच्या बुधवारी काय झालं ते सांगायचं. भाषण नाही. आणि गटाचा पुढारी मी, म्हणून सुरुवात माझ्यापासून.

मला आनंदच झाला. एवढी वर्षं मी लोकांना वचनं समजावली. पाळून दाखवणं म्हणजे काय, हातचा मळ. पहिलं वचन होतं, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं. सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गेलो, सुपरवायझरचा कोट खुंटीला अडकवला आणि जाहीर केलं की आजपासून मी तुमचा सेवक. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने हळूच विचारलं की साहेबांना नोकरीवरून काढलं की काय. मी हसलो आणि मोठ्या यंत्राशी गेलो. एकवीस वर्षं मी त्या यंत्रावर देखरेख करतोय, पण ते स्वतः कधी चालवलं नव्हतं. देखरेख आणि चालवणं यांत किती अंतर आहे ते मला त्या दिवशी समजलं. सर्जन लोकांचे बारा कोट मी चादरींबरोबर उकळत्या पाण्यात घातले. बाहेर आले तेव्हा बाह्या कोपरापर्यंत आणि बटणं जेमतेम श्वास धरून. थोरल्या सर्जनसाहेबांनी त्यातला आपला कोट तसाच घालून राउंड घेतला, कारण दुसरा नव्हता. वॉर्डातल्या एका आजोबांनी त्यांना शिकाऊ समजून बेडपॅन आणायला सांगितलं. बुधवारपर्यंत बायकांचं एक शिष्टमंडळ माझ्याकडे आलं आणि हात जोडून म्हणालं की सेवा पुरे, तुम्ही आपले साहेबच व्हा.

दुसऱ्या आठवड्याचं वचन समेट करणाऱ्यांबद्दल होतं. इथे तर मला काम शोधायचीही गरज नव्हती. इस्त्रीच्या रोलरवरच्या दोघी जावा तुला आठवत असतील. एका घरात राहतात, एकाच बसने येतात, आणि नऊ वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोललेल्या नाहीत. पण चादर दोघींच्या हातात आली की बघत राहावं. एक टोक हिच्याकडे, एक तिच्याकडे, झटका, घडी, झटका, घडी. दिवसाला चारशे चादरी, एकही वाकडी नाही. मी दोघींना माझ्या टेबलाशी बसवलं, चहा मागवला आणि मनात असेल ते बोला म्हणालो. हात दाखवून अवलक्षण! नऊ वर्षांचं तुंबलेलं होतं ते. लग्नातल्या जेवणाच्या पंगतीपासून सुरुवात झाली. दोन दिवस त्या बोलत होत्या आणि चादरींचा डोंगर दारापर्यंत आला. तिसऱ्या दिवशी त्यांचं एकमत झालं, ते असं की आपलं एवढं बरं चाललं होतं, या माणसाला कोणी मध्ये पडायला सांगितलं होतं. आता दोघी एकमेकींशी बोलतात. माझ्याशी बोलत नाहीत. बुधवारी हे सांगितलं तेव्हा गटातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाळकसाहेब म्हणाले, समेट तर झालाय, तुमच्या पद्धतीने नाही झाला एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात ऐकायला तत्पर आणि बोलायला धिमा, हे वचन आलं. मला संशय आहे की पाळकसाहेबांनी ते मुद्दाम निवडलं. मी ठरवलं की विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पहिल्या संध्याकाळी आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरीणबाईंकडेच घेऊन गेली, दाढ दुखत असेल म्हणून. आणि बाईंनी सगळं माहीत असून माझे दात शांतपणे साफ करून दिले. गंमत अशी की गप्प बसल्यावर ऐकू येऊ लागतं. धुलाईखान्यातल्या बायका आपल्या मुलांबद्दल किती बोलतात ते मी एकवीस वर्षांत ऐकलंच नव्हतं. कोणाचा मुलगा काय करतो, कोणाची मुलगी कुठे रमली. आणि मग कोणीतरी म्हणायचं, साहेबांची मुलगी तर मोठ्या हॉस्पिटलात आहे.

ठकू, इथे मला थोडं थांबावं लागलं. चहा पिऊन आलोय.

मी कधी खोटं बोललो नाही, एवढंच तुला सांगतो. तुमची कंपनी हॉस्पिटलांच्या लिफ्ट बघते, हे मी बूट पुसता पुसता ऐकलं होतं. कोणी विचारलं की मी म्हणायचो, ती परगावी असते, रोज हॉस्पिटलात जाते. लोकांनी त्यापुढे तुला पांढरा गणवेश घातला, बढती दिली, मेट्रनबाईंनी तर तुला अतिदक्षता विभागात नेऊन बसवलं. मी फक्त नाही म्हटलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

तर त्या गप्प आठवड्याच्या शुक्रवारी मेट्रनबाई, मी आणि स्वच्छ गाऊनची गाडी असे लिफ्टमध्ये अडकलो. दोन मजल्यांच्या मध्ये. मेट्रनबाई शूर बाई आहेत, त्यांनी पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या आणि दाराच्या फटीत बोटं घालून ओढायला लागल्या. मला वचन आठवत होतं, पण त्यांची बोटंही दिसत होती. मी ओरडलोच. दार ओढू नका, ही चालू झाली तर हात जाईल. घंटा दाबा, फोन करा आणि खाली बसा, लिफ्ट पडत नसते, माणसंच उतावळी होऊन पडतात. हे सगळं आई फोनवर तुझ्यामागून म्हणाली होती, मी शब्दही बदलला नाही. मेट्रनबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. तुम्हाला हे कसं ठाऊक, म्हणाल्या.

"माझी मुलगी लिफ्ट दुरुस्त करते," मी म्हणालो.

बोललो आणि मलाच ते नवीन वाटलं. मग पन्नास मिनिटं आम्ही गाऊनच्या गाठोड्यांवर बसलो होतो आणि मेट्रनबाई प्रश्न विचारत होत्या. दोराची झीज कशी ओळखते, लिफ्टच्या विहिरीत उतरायची भीती वाटत नाही का, पहिल्यांदा एकटीने कुठली लिफ्ट चालू केली. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. मला येत होतं ते सगळं आईने परत म्हटलेलं होतं. सुटका करायला आलेल्या मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा मेट्रनबाईंनी त्याला पहिलं हेच सांगितलं की यांची मुलगी तुमच्याच धंद्यातली. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, मग तुम्हाला रात्रंदिवस काळजी असणार. मी हो म्हणालो. ते खरं होतं.

चौथं वचन तुला सांगायला नको. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ. त्या बुधवारी प्रत्येकाने आपलं काहीतरी सांगितलं. बसवाले काका म्हणाले की धावत येणारा माणूस आरशात दिसला तरी ते कधीकधी गाडी सोडतात. माझी पाळी आली तेव्हा मी कोट आकसल्याची गोष्ट पुन्हा सांगितली, कारण तिला मागे चांगला हशा आला होता. सगळे हसले. शिंपीणबाई हसल्या नाहीत. चार वर्षं त्या गटात येतात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कोणाचं तरी शिवण उसवत असतात, आणि त्यांनी कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"साहेब, तुम्ही त्या रविवारी उधळ्या मुलाची गोष्ट सांगितलीत, तेव्हा तुमची मुलगी माझ्या शेजारी बसली होती," त्या म्हणाल्या. "त्या गोष्टीतल्या बापाने भाषण केलं नव्हतं. त्याने आधी पोराच्या अंगावर चांगला झगा घातला. मी शिंपीण, मला तेवढंच लक्षात राहिलं."

एवढं बोलून त्यांनी कात्री उचलली आणि पुन्हा उसवायला घेतलं.

तू नर्सिंग सोडून ट्रंक घेऊन घरी आलीस, त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते. मी चर्चमध्ये पुढे उभा राहून, बापाचा पैसा उधळून, डुकरं राखून घरी परतलेल्या त्या मुलाची गोष्ट सांगितली आणि म्हणालो की आमच्याही घरी असं एक लेकरू डुकरांच्या शेंगा टाकून परत आलंय. मला ते वाक्य आवडलं होतं. आदल्या दिवशी मी ते दाढी करताना दोनदा म्हणून बघितलं होतं. तू उठून गेलीस ते मी पाहिलं आणि बोलत राहिलो, कारण मुद्दा अजून व्हायचा होता. तू काय उधळलं होतंस? काहीच नाही. तीन वर्षं तू रोज मन लावून तिथे गेलीस, आणि रोग्यांपेक्षा त्यांच्या पलंगांची चाकं आणि बंद पडलेली यंत्रं तुला बोलावत होती, एवढंच. हे तू मला घरी सांगायचा प्रयत्न केलास, आणि मी दर वेळी एक वचन काढून पुढे ठेवलं.

पुढच्या रविवारी मी पाळकसाहेबांकडे पाच मिनिटं मागितली. त्यांनी जरा संशयाने दिली. मी पुढे गेलो आणि म्हणालो की दोन वर्षांपूर्वी याच जागेवरून मी माझ्या मुलीचा अपमान केला, तिने काही चूक केली नव्हती, चूक माझी होती, आणि ती लिफ्ट दुरुस्त करते. मग खाली उतरलो. दोन मिनिटंही झाली नसतील. पेटी वाजवणारे गृहस्थ मी बोलायला उठलोय म्हटल्यावर पाय मोकळे करायला बाहेर गेले होते, त्यांना फाटकापासून बोलावून आणावं लागलं, आणि तोवर सगळी मंडळी पुस्तकं उघडून गाण्याच्या पवित्र्यात तशीच उभी.

घरी येताना मला फार हलकं वाटत होतं. वाटलं, झालं एकदाचं. आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो. मग आई म्हणाली की चांगलं केलंत, पण तुम्ही आज पुन्हा लेकीला न विचारता तिचंच उदाहरण दिलंत. ठकू, मी रस्त्यात उभा राहिलो. तीस वर्षांत इतक्या थोडक्यात मला कोणी आडवं केलं नव्हतं. क्षमा तुझी मागायची होती आणि मी ती दीडशे माणसांची मागून आलो, त्यांनी ती लगेच दिलीही, हात हातात घेऊन.

म्हणून हे पत्र. बुधवारचा गट आता शिंपीणबाई चालवतात, वीस मिनिटांत आटोपतो. मी खुर्च्या मांडतो. गटाला कळलं की मी तुला लिहितोय, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या आधी आम्हाला वाचून दाखवा, आम्ही सुधारून देऊ. मी नाही म्हणालो. आईलाही दाखवलेलं नाही. हे फक्त तुझं आहे. मी तुला सगळ्यांसमोर लाजवलं, आणि नंतर दोन वर्षं तुझ्या कामाची लाज बाळगली. दोन्हींसाठी मला माफ कर. लगेच नाही जमलं तर लगेच नको, आणि घरी ये असंही मी म्हणत नाही. तू ट्रंक घेऊन दारात उभी होतीस तेव्हा जे विचारायला हवं होतं, ते आज विचारतो. तुला या कामात काय आवडतं? सकाळी गेल्यावर पहिल्यांदा काय बघतेस, कुठला आवाज ऐकलास की कळतं काय बिघडलंय? कितीही लांब लिही. मला दोराचंही कळत नाही आणि चाकाचंही, तेव्हा अगदी पहिल्यापासून सांग.

तुझाच, मध्ये न बोलता ऐकायला बसलेला,
बाबा