पाटीवरचा नववा खण

२ फेब्रुवारी १९७८, शेलूबाजार

आज परत चुकलो. भागिरथेनं डावा हात कोपऱ्याकडं केला. पाणी दिलं – नाही. परसाकडचा लोटा दाखवला – नाही. गोधडी घातली तर लाथाडली. शेवटी भिंतीकडं तोंड करून पडली. तासाभरानं मला कळलं, कोपऱ्यातल्या खिडकीतून ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं.

लकवा मारला त्याला सहा महिने झाले. उजवं अंग गेलं, जीभ वळत नाही. अकोल्याचा डॉक्टर म्हणाला, समज शाबूत आहे, सगळं कळतं बाईला. तेच तर वाईट. कळतं आणि सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी

पंचवीस वर्षं लोकांच्या पोरांना मुळाक्षरं गिरवायला लावली. घरच्या बाईला एक अक्षर शिकवलं नाही. म्हणायची, "मले कायले शिकवता, मास्तर? माहं तोंड हाय ना खंबीर." मीही हसायचो. आज तिला लिहिता आलं असतं तर?

पहिलीच्या वर्गात आज एका पोराला अक्षर आठवेना. त्यानं तक्त्यावरच्या बदकावर बोट ठेवलं. मी बघतच राहिलो.

शाळा सुटल्यावर थेट हरिसिंगकडं गेलो. मूळ पोहरादेवीचा, इथं स्टँडवर ट्रकच्या मागं मोर आणि कमळं रंगवतो. त्याला म्हटलं, लाकडी पाटीवर खण पाड आणि चित्रं काढ. पैसे विचारले तर चिडला. "वहिनीच्या पाटीचे पैसे घेऊ का मी? सरम हाय का नाई काही?"

२० फेब्रुवारी

पाटी आली. नऊ खण. पाणी, भाकर, चहा, लोटा, गोधडी, दुखणारं डोकं. 'हो'साठी उघडा पंजा, 'नाही'साठी लाल फुली. आणि नवव्यात ढोल!

"ढोल कायले रे बाप्पा?"

"एक खण उगाच रिकामा राहून राह्यला होता, मास्तर. मले ढोल साजरा येते."

खूप बोललो त्याला. आजारी माणसाच्या पाटीवर ढोल! पण रंग वाळला होता. राहू दिला.

२१ फेब्रुवारी

चहा मागितला!!

५ मार्च, रविवार

चंपाबाई शेजारची. मी शाळेत असलो की भागिरथेजवळ बसते. तिची गोजरा बारा वर्षांची, जन्मापासून बोल नाही, हातपाय वाकडे. पाटी बघून चंपाबाईनं एकेका खणावरून बोट फिरवलं. आता केनवडहूनही एक जण विचारून गेला, बापाला लकवा आहे. बबनराव पाटलांचा गडी आला, म्हातारीसाठी. एक पाटी हरिसिंग फुकट रंगवेल. मागणारे पंधरा झाले तर कशा रंगवेल? लाकूड, रंग कुठून येणार? आणि विकत द्यायची नाही, हे माझं पक्कं आहे. बोलण्याचं कुणी मोल घेतं का?

आज विहारात चौदा एप्रिलच्या जयंतीची सभा होती. वर्गणी देवमनकडं असते. मी उभा राहिलो, म्हटलं यंदा बँड नको, त्या पैशात पाट्या करू.

देवमन म्हणाला, "मास्तर, वर्षातून एकच दिस वाजते आपल्या वस्तीत. पोट्टे वाट पाहून राह्यले."

मग मी ते बोललो. म्हटलं, "वीस वर्षं मिरवणुकीच्या पुढं कोण गाणं म्हणत होतं? भागिरथा. यंदा तिचा गळा गेला. दारावरून वाजतगाजत जाल तर तिच्या जिवाले काय वाटन?"

देवमननं डोळे पुसले. "नको मंग. वहिनीसाठी यंदा बँड नको."

घरी येताना पाय हलके वाटत होते.

२६ मार्च

चंपाबाई पळत आली. "मास्तर, माह्या पोरीनं च्या मांगतला! बारा वर्सांत पयल्यांदा!" गोजरानं दिवसभरात अकरा कप मागितले म्हणे. आईनं अकराही दिले. भागिरथेला सांगितलं तर अर्ध्या तोंडानं हसली.

८ एप्रिल

पाटी आहे, तरी मन भरत नाही. पाणी. भाकर. हो. नाही. ती मागते, मी देतो. बोलते कुठं?

मला तिची बोलणी हवीत. "अवो मास्तर, जेवता का मी जेवू?" हे दारातून ओरडणं हवं. मी मीठ जास्त म्हटलं की "मंग सोता रांधा" हवं. ती तव्यावर भाकर टाकताना गुणगुणायची, तेव्हा मी म्हणायचो, हळू, वह्या तपासतोय. काय वह्या घेऊन बसलो होतो! आज कोणी म्हटलं, एकदा ऐकवतो तिचा आवाज, पण शिवीच देईल – तर तीही चालेल. एक शिवी दे गं, भागिरथे.

१४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी विहारात वंदना झाली. बिनआवाजाची जयंती. सगळे जेवून आपापल्या घरी गेले.

भागिरथेनं चंपाबाईकडून पांढरं पातळ नेसवून घेतलं होतं. वेणी घालून ओट्यावर बसली होती, तोंड रस्त्याकडं. मला वाटलं, वाऱ्याला बसली. दुपारी जेवली नाही. दिवस कलला तरी आत येईना. पाटी पुढं केली.

बोट ढोलावर.

म्हटलं, यंदा नाही गं. मीच नको म्हटलं. तुले तरास होईन म्हणून.

लाल फुलीवर बोट आपटलं. परत आपटलं. परत. नख मोडलं तरी थांबेना. मग ढोलावर बोट ठेवून माझ्याकडं बघत राहिली, भांडताना बघायची तशी.

पावणेदोन महिने पाटी घरात आहे. एवढं एक मी तिला विचारलं नाही.