हिचा एक शब्द

३ मे, रवि.
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतोय कोण जाणे, वही माझीच. हिला अर्धांगाचा झटका आल्यापासून पेन धरवलं नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरलाय, टिवी. सकाळी छताकडे बघून टिवी, टिवी. सून प्राजक्ता लगेच टीव्ही लावते. मग ही रडते. आवाज वाढवला की जास्तच.
विजय आज म्हणाला, "अण्णा, आईला आता काही कळत नाही. शुश्रूषा केंद्रात ठेवू, तिथे नर्स असतात." पुढच्या रविवारी गाडी सांगणार. मी सातवी पास, पोटच्या इंजिनिअरपुढे काय बोलणार. पण कळत नाही, तर रडते कशाला?

५ मे, मंगळ.
वीज गेली. टीव्ही, पंखा, सगळं गप्प. तेवढ्यात वर गच्चीतून टिट्-टिट्-टिटीव. हिने डावं बोट वर केलं. "टिवी."
मधला ट जिभेवर येत नाही, एवढंच. टीव्ही नव्हे, टिटवी! आणि आम्ही इतके दिवस मालिका...
कोणाला सांगितलं नाही. टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं म्हणतात. हिला तेच सांगायचं असेल तर? जेवण गेलं नाही.

६ मे, बुध.
धीर करून गच्चीवर गेलो. वॉटरप्रूफिंगच्या उरलेल्या खडीत चार अंडी, खडीसारखीच ठिपक्यांची. पाय पडता पडता राहिला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देत होती.
खाली येऊन हिला सांगितलं. हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली. डावा हात वर, आणखी वर नेला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हिचं माहेर कात्रजपलीकडे, शेतीवाडीचं. सासरे टिटवीची अंडी बघून पावसाचं सांगायचे. नदीपात्रात घातली तर कमी, उंचावर घातली तर बक्कळ. इथे तर चौथ्या मजल्यावरची गच्ची.
विचारलं, "म्हणजे यंदा पाऊस जोरात?"
"हाय," ही माहेरच्या बोलीत म्हणाली.
प्राजक्ता स्वयंपाकघरातून धावत आली. "अण्णा, आई मला हाय म्हणाल्या!"
म्हटलं, हो, तुलाच. आनंदात वाटा मोजू नये.

१० मे, रवि.
विजयला टिटवीचं, पावसाचं सगळं सांगितलं. तो गच्चीवर जाऊन आला. टिटवी अंगावर आली म्हणे. खाली येऊन आईच्या पायाशी बराच वेळ बसला. "अण्णा, आईला सगळं कळतं की."
"तुझ्याहून जरा जास्त," मी म्हटलं. पुण्यात, तेही बिबवेवाडीत राहून एवढा टोमणा तर यायलाच हवा.
गाडी सांगितली नाही. केंद्राचं पाऊस पडल्यावर बघू म्हणतो. टीव्हीवर मी चादर टाकली. आज दोन पोळ्या जास्त गेल्या.
पाऊसच नाही आला तर? ती काळजी आहेच. त्यात सकाळपासून हिचा नवा शब्द, "वाळ". वाळवण म्हणावं, तर गच्ची टिटवीने अडवलेली. बाळ म्हणावं, तर प्राजक्ता नुसती लाजून हसते.
अगं, मी खुर्ची ओढून तुझ्या उशाशीच बसलोय. काय ते लवकर कळव.