अव्वासमोरचं इंग्रजी

१२ जानेवारी, सोमवार

सातवीत होते. स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडून आफ्रिकेचा नकाशा रंगवत होते. अव्वा, म्हणजे आई, स्टोव्हपाशी भाकऱ्या थापत होती, दादा परातीपलीकडे गणितं करत होता आणि धाकटा रवी माझ्या पाठीवर पाय टाकून झोपला होता. सिस्टर अगाथांनी सांगितलं होतं: ब्रिटिश गुलाबी, फ्रेंच निळे, जर्मन हिरवे, बेल्जियम पिवळा. मी वरून, इजिप्तपासून, गुलाबी भरत खाली आले. अव्वा वाकून म्हणाली, "गुलाबी संपवू नको की गं. नवी पेन्सिल आता जूनमधीच. खालचं दुसऱ्या रंगानं भर." म्हणून सगळी दक्षिण आफ्रिका बेल्जियमला दिली. सिस्टरांची भली मोठी लाल फुली. दोन दिवस अव्वाशी अबोला.

हे आज आठवलं ते रेहानाच्या फोनमुळे. (तीस वर्षं एका शाळेत, ती भूगोल, मी इतिहास.) महिनाअखेरीला तिच्या वाचनकट्ट्यावर बोलायचंय: युरोपने आफ्रिका कशी वाटून घेतली. "लढाया नको सांगूस. टेबलावर बसून केलेलं सांग." हो म्हटलं.

संध्याकाळी दादाचा फोन, पुण्याहून. अव्वाच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग, सहज विचारल्यासारखं: "आपल्या घरासमोरचा रस्ता रुंद झाला का गं?"

त्याला काय करायचंय रस्त्याचं?

१५ जाने., गुरु.

काल संक्रांत. रवी तिळगूळ घेऊन आला, बरोबर एक 'मित्र'. मित्राने तिळगूळ हातात धरला आणि सरळ कंपाउंडच्या भिंतीकडे गेला. तिथून नारळापर्यंत लांब लांब ढांगा टाकत परत. अव्वा व्हरांड्यातल्या खुर्चीत.

"पावणं, काय हरवलंय काय?"

"न्हाय आज्जी, असंच."

"असंच चालाय रंकाळा हाय की."

रवी मोठ्यांदा हसला. जरा जास्तच मोठ्यांदा.

घर अव्वाच्या नावावर. बाबांनी तिच्याच नावाने बांधलं होतं. ती शहाऐंशीची. 'हे' गेल्यापासून, सहा वर्षं झाली, मीही इथेच. तिला सोबत, मला छप्पर. कोणाला कधी खुपलं नव्हतं. निदान कोणी बोललं नव्हतं.

रात्री थोडं वाचन. १८८४चा नोव्हेंबर. बर्लिन. जर्मन चॅन्सलरचं घर. चौदा देशांची माणसं. सुरुवातीचं भाषण आफ्रिकेतल्या लोकांच्या भल्याचं. आफ्रिकेतला एकही माणूस बोलावलेला नव्हता.

२० जाने.

काल दादाचा फोन. शनिवारी येतोय. आम्ही तिघांनी बाहेर जेवायचं. "अव्वाच्या काळजीचं बोलू. तिला सोबत नको आणूस, तिथं जिना आहे."

कोल्हापुरात जिना नसलेली हॉटेलं संपली का?

तो फोन ठेवते न ठेवते तोच रवी. "अक्का, मी फोन केलेला दादाला सांगू नको हं. बिल्डर माझ्या ओळखीचा हाय. नव्या बांधकामात मागची खोली नि बागंचा कोपरा तुझा, शब्द देतो. फक्त शनिवारी दादाच्या होला हो करू नको." दुकानदार माणूस, आवाजात साखर.

आज सकाळी पुन्हा दादा. रवीला कळू द्यायचं नाही. नवीन इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट मला. फक्त बिल्डर त्याने आणलेला.

म्हणजे घर पाडायचं हे दोघांचंही ठरलंय. अव्वाला कोणी विचारलंय?

शाळेत मी मुलींना जे चित्र दाखवत आले ते अर्धंच खरं. मोठं टेबल, मध्ये नकाशा, सुऱ्या घेऊन बसलेले मिशीवाले. परिषदेत ठरले ते मुख्यतः व्यापाराचे आणि ताब्याचे नियम. सीमा ठरल्या त्या दोघादोघांत, बाजूच्या खोल्यांत, आधी आणि नंतर. तिसऱ्याला सांगू नको हं, असं म्हणत.

२४ जाने., शनि.

आत्ता आले. अव्वा झोपली आहे.

अख्खा मसूर, रोट्या, ताक. दादाने काट्याच्या टोकाने टेबलक्लॉथवर चौकोन काढला. हे घर. ही पुढची बाजू, इथे गाळे. रवी म्हणाला, "पुढचं गाळं माझ्याकडं आलं तर मागचं त्यातच आलं की." हा तर बर्लिनच्या वेळचाच दावा! किनारा ज्याचा, मागचा मुलूख त्याचा. मला हसू आलं. दादाला वाटलं त्याला हसले.

"तू हसू नकोस. तू राहतेस तिथं. लाइट बिलसुद्धा तुझ्या नावावर केलंयस. आम्ही काय समजायचं?"

"सोय म्हणून केलं."

"सोय," दोघं एकदम म्हणाले. सबंध जेवणात तेवढ्यावरच त्यांचं एकमत.

खरंच सोय म्हणून केलं होतं. रांगेत अव्वाला उभं करायला लागू नये म्हणून. बहुतेक.

मग अव्वा. बांधकाम होईपर्यंत तिने प्रत्येकाकडे चार-चार महिने राहायचं. नंतर काय, ते नंतर. दादाला उन्हाळा नको, तो आणि वहिनी लेकीकडे परदेशी जातात. रवीला दिवाळी नको, दुकानात गर्दी. कुणीही वाईट बोललं नाही. दादाचे तर डोळे भरले. "तिची आबाळ होता कामा नये," म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. हेच मला कळत नाही. खोटं वाटलं असतं तर सोपं होतं.

"शैला, तुला कुठले महिने?"

"पावसाळा," मी म्हटलं.

घरी येऊन चपला काढताना लक्षात आलं. मी उत्तर दिलं.

२५ जाने., रवि.

दोघंही सकाळी घरी. दादाने अव्वाला इरकल आणलं, गर्द जांभळं. चार वर्षांत पहिलं लुगडं. काँगोच्या काठच्या मुखियांना गोरे कापडाचे तुकडे देत आणि कागदावर फुली मारून घेत. कालच वाचलं होतं. नसतं वाचलं तर बरं झालं असतं, लुगडं सुंदर आहे.

चहाला बसलो आणि नेहमीसारखे इंग्रजीत शिरलो. अव्वासमोरचं आमचं इंग्रजी शाळेपासूनचं. ती स्वतः चौथी शिकलेली, पण तिघांनाही हट्टाने कॉन्व्हेंटात घातलं. पाहुणे आले की म्हणायची, "जरा बोला की इंग्रजी." आम्ही बोलायचो आणि ती पदराने तोंड पुसत हसायची. पाहुणे गेले की तेच इंग्रजी तिच्यापासून लपवायला. कमी पडलेले मार्क, मॅटिनीचा बेत, फुटलेली बरणी.

आज दादा म्हणत होता की तिला सगळं समजावत बसू नये, पुढच्या सोमवारी मी गाडी घेऊन येतो, एक सही आणि काम संपलं. रवी पार्किंग कुणाकडे आणि 'फोर मंथ'चा क्रम कसा ते विचारत होता. अव्वा बशीतला चहा फुंकत होती. बशी खाली ठेवली.

"फ्लॅट कितव्या मजल्यावर म्हनं?"

रवी म्हणाला, "अव्वा, तुला इंग्रजी कळतं?"

"त्यात इंग्रजी कुठं हाय रं? बिल्डर, फ्लॅट, पार्किंग, शेअर, सिग्नेचर. भाजीवाली बी ह्येच बोलती. मधलं इज-वॉज तेवढं कळत न्हाय. त्यानं काय आडतंय?"

पन्नास वर्षं आम्ही तिच्यासमोर मालमत्तेचं, मार्कांचं, लग्नाचं इंग्रजीत बोललो. नेमके तेवढेच शब्द मराठीत आलेले.

"आन फोर मंथ कोन कुठं चाललंय?"

दादाने मोबाइल काढला. रवी उठून नारळाकडे बघायला लागला. मग मीच सांगितलं, मराठीत. तू, चार-चार महिने, तिघांकडे. पावसाळा मी मागितला.

अव्वा माझ्याकडे वळली. "पावसाळ्यात तर तू सर्दीनं पडल्याली असतीस. कोन कुनाला बघायचं?"

लुगडं उलगडून पाहिलं. "पदर चांगला हाय. ठेवते." सहीचं दादाने विचारलं तर म्हणाली, "बघू."

'बघू' म्हणजे हो असं दादा समजून गेला. मला तसं वाटत नाही. मला काय वाटतं तेही मला नीट सांगता येत नाही.

२८ जाने.

अव्वा माझ्याशी बोलते, पण मोजकं. लाकडी कपाटाची किल्ली खिळ्यावरून गेली. आता तिच्या कमरेला. दुपारी तिची नखं कापली. हात पूर्वीसारखाच मऊ, चाळलेल्या पिठासारखा. एकदम म्हणाली, "लाइट बिल आलं का गं?" आलंय म्हटलं. "तुझ्याच नावानं न्हवं?"

हे तिला कोणी सांगितलं? रवीने? दादाने? की तिने ते स्वतःच वाचलं, कधीच?

संध्याकाळी गडहिंग्लजला फोन, चिक्कव्वाला, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीला. अर्धा तास, सगळं कन्नडमध्ये. एरवी दोघी मराठीच बोलतात, मधे कन्नड. आज मराठीचा शब्द नाही. मला कॉन्व्हेंटने फ्रेंचचे चार धडेसुद्धा दिले, आईची भाषा राहून गेली. दाराशी उभी राहून मी नामं वेचत होते. 'मने' कळलं. मने म्हणजे घर. पुन्हा पुन्हा मने. मधलं काहीच कळलं नाही, आणि त्यानेच सगळं अडलं.

३१ जाने., शनि.

व्याख्यान झालं. पंचवीसेक बायका, पोहे, वाफाळता चहा. बेल्जियमच्या राजाचं सांगितलं: स्वतः बर्लिनला गेलाच नाही, माणसं पाठवली, तोंडात सतत परोपकार, आणि काँगोएवढा मुलूख त्याला मिळाला, तोही देशाच्या नाही, स्वतःच्या नावावर. शेवटी पुढच्या रांगेतली एक विचारते, "पण बाई, तिथले राजे सही का करायचे हो?"

मी म्हटलं, कारणं वेगवेगळी. काहींना वाचता येत नव्हतं. काहींना सांगितलं एक आणि लिहिलं दुसरं. काहींना शेजाऱ्यापासून संरक्षण हवं होतं. आणि काहींना वाटलं, आपण पाहुण्याला जागा देतोय.

मागून एक तरुण बाई, कोडोलीची, म्हणाली, "आमच्यात बहिणी जमिनीच्या हक्कसोडीवर सही करतात तसंच की. साडी नेसवायची नि अंगठा घ्यायचा." सगळ्या हसल्या. मग हसू एकदम थांबलं. दोघी-तिघी पर्स आवरायला लागल्या.

येताना रिक्षात रेहानाला सगळं सांगितलं. हॉटेल, महिने, लुगडं. ती म्हणाली, "आणि तू कोणता देश गं त्यात?"

"मी कसला देश?"

"पोर्तुगाल," म्हणाली. "सगळ्यांच्या आधीपासून किनाऱ्यावर ठाण मांडून बसलेला, आणि वर सारखा रुसलेला की मला कुणी मोजत नाही."

इतकं हसलो की रिक्षावाला वळून बघायला लागला. घरी आल्यावर हसू राहिलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

उद्या दादा गाडी घेऊन येणार. रवी परस्पर नोंदणी कचेरीत.

जेवण झाल्यावर अव्वा म्हणाली, "लिहून घे. कुनाला काय त्ये." हातात हीच वही होती. "मराठीत लिही," म्हणाली. ती सांगत गेली तसं खाली उतरवलं आहे, मी शब्द बदललेला नाही.

तांब्याचा हंडा रवीला. दुकानात पाणी भरून ठेवायचा. गिऱ्हाइकाला तो पाणी विचारत न्हाय.

हुपरीचे चांदीचे पैंजण दादाच्या नातीला, परदेशी. वाजतात, भ्यायचं न्हाय म्हणून सांगायचं.

जांभळं इरकल दादाच्या बायकोला. रंग तिच्याच आवडीचा हाय, माझ्या न्हाय. घेताना कुणाचा विचार केलाय ते कळतंय.

लाकडी काथवट रेहानाला. शैलीला भाकरी येत न्हाय, तिला कशाला?

नारळ, जो चढून काढंल त्याला.

इथे मी विचारलं, "आणि मला?" ती म्हणाली, "थांब की, लिही."

दादानं उन्हाळ्यात इथं येऊन चार महिने राहायचं. रवीनं दिवाळीत, बायकापोरांसंगट, दुकान बंद करून. शैलीनं पावसाळ्यात गडहिंग्लजला चिक्कव्वाकडं जायचं. तिथं कोरडं असतंय. कन्नड शिकून यायचं.

मी लिहीत राहिले. वर बघायचा धीर झाला नाही. रागात सांगत होती की मायेने, आवाजावरून कळेना.

"आणि घर?"

तिने कमरेची किल्ली चाचपली. उद्या सही करणार का, तेही विचारलं. "बघू," म्हणाली.

"घराचं काय लिहू, अव्वा?"

"आत्ता नाव घालू नको. जागा सोड."

"किती?"

"दोन वळी. नाव लांब हाय."

वर दोन ओळी सोडल्या आहेत. ती आत जाऊन झोपली. मी मघापासून सगळ्यांची नावं मनातल्या मनात लिहून बघतेय, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावून, दादाचं, रवीचं, चिक्कव्वाचं, माझंसुद्धा. दोन ओळी लागतील असं नाव आमच्यात कुणाचंच नाही.