न विचारता काढलेलं चित्र

प्रिय आत्या,

उद्या पुन्हा माझा स्टुडिओ सगळ्यांना बघायला उघडा आहे. चित्रं लावून झाली, तुझ्या चित्राची जागा तेवढी रिकामी ठेवली. का, ते तुला सांगायचंय. मागच्या वर्षीच बोलायला हवं होतं. तेव्हा तू होतीस!

तोंडावर कोड आलं आणि तू डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढलास, तो कायमचा. लग्नकार्यात नाही की फोटोत नाही, कुठंच तो मागं सरकला नाही. फक्त फुलंब्रीच्या घरात, मी एकटी असले की सैल सोडायचीस. अशाच एका दुपारी तुझा डोळा लागला आणि मी गुपचूप तुला वहीत उतरवलं. मग त्याचं केवढं मोठं चित्र केलं! एकेक डाग मन लावून रंगवला. तुला दाखवायचं मात्र टाळलं. तू नको म्हणशील याची भीती होती, म्हणूनच ना?

मागच्या वर्षी स्टुडिओ असाच उघडा ठेवला, ते चित्र भिंतीवर लावलं, आणि तू न सांगता आलीस. एसटीनं, पिशवीभर सीताफळं घेऊन, गुलमंडीजवळचा तो अवघड जिना चढून. चित्रापुढं दहाबारा माणसं उभी. कुणी रंगांचं कौतुक करत होतं, कुणी डागांचा अर्थ लावत होतं. पदर घट्ट धरून तू हळूच विचारलंस, "मीच हाय का गं ही?"

मी काय म्हणाले? "बस ना आत्या, आलेच." पाहुण्यांना चहा देऊन वळले, तर तू गेलेली! पिशवी खुर्चीवर.

एवढी कशी गं गप्प राहिलीस? चार माणसांत ओरडली असतीस तरी चाललं असतं. फोन मीही केला नाही. आज करू, उद्या करू म्हणत दिवाळी गेली, आणि मग तुझ्या लेकाचा, दादाचाच फोन आला. तू गेल्याचा.

आज सकाळी चित्र घेऊन फुलंब्रीला गेले. दादाला म्हटलं, "हे तुझ्याकडंच राहू दे. आत्या माझ्यावर चिडली होती का रे?"

"नाय गं," तो म्हणाला. "आई म्हणली, पोरीनं लई जीव लावून काढलंय. फकस्त इचारायचं होतं. म्या सोताच्या हातानं पदर काढून बसले असते."

आत्या, यापुढं कुणाचाही चेहरा त्याला विचारल्याशिवाय काढणार नाही. आणि माणूस नाहीच म्हणेल, असं आधीच ठरवणार नाही.

तुझी भाची,
सुनंदा