तोंडावर पडलेला उजेड

हदगाव, मंगळवार

आदरणीय भगवानराव ड्रायव्हर यांस,

माझ्याकडून जयभीम आणि तुमच्याकडचा रामराम, दोन्ही घ्यावेत. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं होतं. आता साफ दिसत असेल (दिसतच असणार, ते मला कसं कळलं ते पुढं येतंय). सुभद्राबाई वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का ते कळवावं. पत्र कशाला, फोन करायचा की, असं तुम्ही म्हणाल. शनिवारपासून तीनदा तुमचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आधी कापला. एकतीस वर्षं तुमच्या गाडीत तिकिटं फाडली, पण तुमच्याशी बोलायची शरम पहिल्यांदाच वाटून राहिली. कागदावर तोंड दिसत नाही, एवढीच त्याची मेहरबानी.

झालं असं की रिटायर झाल्यावर मला मोबाईलमधल्या एका खेळाचा नाद लागला. त्यात बस चालवायची असते. स्टेअरिंग, गिअर, हॉर्न, सगळं खऱ्यासारखं. जन्मभर मागं उभा राहिलेल्या माणसाला पुढं बसायला मिळालं, मग काय विचारता. आणि हा खेळ खेळताना लोकांना लाइव्ह दाखवता येतो. आपण खेळतो, लोक आपापल्या घरी बघतात, कोपऱ्यात आपलं तोंड दिसतं आणि बघणारे खाली लिहून बोलतात. मी गाडी चालवता चालवता सवयीनं ओरडायचो, लोहावाले पुढं या, अहमदपूरवाले बसून राहा. लोकांना ते लई आवडलं. पहिल्या दिवशी अकरा जण होते (त्यातले दोन माझेच फोन), महिन्याभरात दीडशेवर गेले.

पण सगळ्यांची एकच तक्रार. काका, तुम्ही आहात का नुसता आवाज आहे? माझी ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळं भिंत लख्ख आणि माणूस अंधारात. मग मी बल्ब समोर टेबलावर ठेवला. उजेड हनुवटीखालून वर गेला. महामायानं (आमच्या घरच्यांना तुम्ही ओळखताच) दारातून पाहिलं आणि म्हणाली, "गेलेल्या माणसासारखे दिसून राहिले तुम्ही. पोरीबाळी घाबरतील." नांदेडहून स्वस्तातली गोल रिंगलाइट आणली, तर चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन पांढऱ्या बांगड्या. एकानं लिहिलं, काका आज घुबड झाले.

शेवटी एका पोरीचा व्हिडिओ बघून शिकलो. उजेड समोरून नाही, तिरपा घ्यायचा, डोळ्यांच्या जरा वरून. नागडा बल्ब घ्यायचा नाही, मधी पांढरं कापड धरायचं, म्हणजे उजेड मऊ होतो. दुसऱ्या अंगाला पांढरा पत्रा नाहीतर थर्माकोल उभा करायचा, म्हणजे तो गाल पण उजळतो. थर्माकोल फ्रिजच्या खोक्यातला होता. कापड म्हणून महामायाची विहारात जायची पांढरी साडी घेतली, दोरीवर टाकली. चूक एवढीच झाली की पहिल्या दिवशी साधा दोनशे वॅटचा पिवळा बल्ब लावला. पदराला इस्त्री विसरल्यासारखा तपकिरी डाग पडला. पौर्णिमेला ती पदर उलटा घेऊन विहारात गेली. मग एलईडी आणला. तो तापत नाही. (साडीच्या जागी बेकरीतला बटर पेपर पण चालतो, हे मला साडीनंतर कळलं.)

आता मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात एकानं विचारलं, काका, किती वर्षं ड्रायव्हर होता? मी म्हणालो, एकतीस. आकडा खरा होता, हुद्दा खोटा. त्याच वेळी दुरुस्त करायला पाहिजे होतं. पण लोकांनी खाली एवढे हात जोडले, सलाम ठोकले, की जीभ उचलली नाही. पुढं मग तुमचे किस्से माझे होत गेले. ब्रेक फेल झाला तेव्हा उसाच्या फडात गाडी घातली ती मी. बाळंतीण बाईला घेऊन थेट दवाखान्याच्या दारात गाडी नेली ती पण मीच.

शनिवारी ओढ्याची गोष्ट काढली. उजेड त्या दिवशी पहिल्यांदा पक्का जमला होता, मलाच मी बरा दिसून राहिलो होतो. ओढ्यावरच्या फरशीपुलावरनं घोटाभर पाणी, गाडीत सत्तर माणसं, सगळे ओरडताहेत की चला, एवढ्याशा पाण्याला काय घाबरता, आणि मी हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं, असं सांगितलं. अर्ध्या तासानं वरून लोंढा आला आणि फरशीच वाहून गेली. लोक लिहिताहेत, काका देवमाणूस. तेवढ्यात खाली तुमच्या लेकीचं, राजकन्याचं नाव आलं, लातूरहून. तिनं लिहिलं, "काका, मागच्या भिंतीवरच्या फोटोत तिकिटाचं मशीन तुमच्या गळ्यात आहे. गाडी बाबा चालवायचे ना? बाबा इथंच बसलेत. ते रोज बघतात."

मी मागं वळून पाहिलं. आपल्या निरोप समारंभाचा फोटो. इतके दिवस त्याची नुसती काच चमकायची, आत काही दिसायचं नाही. नव्या उजेडात तुमच्या मिशा पण मोजता येत होत्या.

मी बल्ब बंद केला. वाटलं, सगळंच बंद झालं. पण आवाज चालू होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळं महामाया आत येऊन म्हणाली ते दीडशे जणांनी ऐकलं. ती म्हणाली, "काय उजेड पाडला? लई हौस होती तोंड दाखवायची." आणि मी म्हणालो, भगवानराव काय म्हणतील गं. ते पण ऐकलं.

तुम्ही महिनाभर बघून राहिला होता. माझ्या तोंडून तुमची नोकरी ऐकत होता आणि एकदा फोन करून म्हणाला नाहीत की आनंदराज, हे काय चाललंय. उलट खाली रोज एक लाल बदाम यायचा, नाव नसलेल्या नंबरावरून. तो तुमचा होता हे राजकन्यानं काल कळवलं.

रविवारी मी पुन्हा बसलो. बल्ब लावला, फोटो भिंतीवरून काढून पुढं हातात धरला आणि सांगितलं, हे भगवानराव, हे ड्रायव्हर. मी कंडक्टर. ब्रेक त्यांचे, बाळंतीण त्यांची, ओढा त्यांचा. चाळीसेक जण निघून गेले.

माझं मागणं काही नाही. माफी द्या म्हणायला पण तोंड नाही. पत्र वाचून फाडून टाका. वहिनींना नमस्कार, राजकन्याला आशीर्वाद (ती घेणार असेल तर).

तुमच्या पाठीमागं उभा राहिलेला,
आनंदराज

ता. क. : मागणं एक आहे. जे राहिले त्यांनी लिहिलं, मग ड्रायव्हर दाखवा. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता तुम्ही येणार, असं मी तुम्हाला न विचारता सांगून बसलो. हे पण खोटं पडू देऊ नका. गाडी तुम्ही चालवा. येताना घरात टेबल लॅम्प असला तर आणा, माझ्या एका बल्बात दोन तोंडं मावत नाहीत.

ता. क. दुसरा : लोक ओढ्याचं पुन्हा विचारतील. त्या दिवशी तुम्ही गाडी उभी केली तेव्हा मागून मी डबल बेल दिली होती (डबल म्हणजे चला, सिंगल म्हणजे थांबा, तुम्हाला काय सांगायचं). एकदा नाही, तीनदा दिली. तुम्ही मागं वळून पाहिलं नाही आणि पुढं कधी विषय पण काढला नाही. ते मी रविवारी सांगितलं नाही. तेवढं तुम्हीच सांगा. मी सांगायला बसलो तर गोष्टीत माझ्या हातून सिंगलच वाजेल.