थेर्मेचा लाल दिवा

स्टुटगार्ट, रविवार, ९ एप्रिल २००६

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तेव्हापासून ते इथे टेबलावरच आहे. जेवताना बाजूला सरकवतो, जेवण झालं की पुन्हा वाचतो. आई दूध गॅसवर ठेवून विसरते, तुला दोनदा वहिनी म्हणाली, आपला मजला कुठला ते वॉचमनला विचारते. डॉक्टर म्हणतात वयामुळे असेल, तुझ्या दिनकररावांना वाटतं मनाचं आहे. आणि तू लिहितेस की एवढ्या थंडीत तूच तिला हट्टाने विमानात बसवलंस, म्हणून दोष तुझा. हे वाचून मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. जानेवारीपासून मला काही होतच नाही, ताई. एस-बान पकडतो, ऑफिसात लोक बोलले की 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', म्हणतो, घरी येतो. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळं आहे.

तिचे इथले दिवस कसे गेले, असं तू विचारलंयस. पहिला महिना छान गेला गं. नऊवारीवर माझं जाकीट आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून ती चढावरच्या बेकरीत जायची. दिसेल त्याला 'ग्रूस गॉट' म्हणायची, एकदा तर तिकिटाच्या मशीनलासुद्धा म्हणाली. नाताळानंतर खालच्या फ्राऊ केलर बाईंनी जिन्यात चिठ्ठी लावली. अगदी सभ्य भाषेत, पण मसाल्याच्या वासाबद्दल. आईच्या ते फार जिव्हारी लागलं. दोन दिवस तिने नुसता दहीभात केला. माझं डोकं फिरलं. माझ्या घरात माझ्या आईने फोडणी घालायची नाही म्हणजे काय! मी चांगला ताकदवान एक्झॉस्ट फॅन आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवला. बाहेरच्या दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्या मारल्या, खाली जुना टॉवेल कोंबला. जिन्यातला वास बंद. आईने त्या दिवशी लसणाची फोडणी घालून वरण केलं.

घरमालकाला मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

तिथेच भिंतीवर गॅसची थेर्मे आहे, घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा पांढरा पेटारा. फॅन लावल्याच्या तिसऱ्या दिवशी ती बंद पडली. लाल दिवा लागला आणि पडद्यावर एक आकडा लुकलुकायला लागला. मी पुस्तिका काढून बघितली. त्या आकड्यापुढे स्पष्ट लिहिलं होतं: जळलेला वायू खोलीत येतो आहे, वापर थांबवा, तंत्रज्ञाला बोलवा. मी ते वाचलं, ताई. समजलं नाही असं नाही. पण मी दिवसभर काय करतो ते तुला ठाऊक आहे. गाड्यांच्या इंजिनातले असेच आकडे तपासतो, आणि निम्म्या वेळा इंजिन ठणठणीत असतं, सेन्सरच बिघडलेला असतो. मी ठरवून टाकलं की इथेही सेन्सरच गेलाय. तंत्रज्ञ आला असता तर फॅन दिसला असता, मालकाला कळलं असतं. म्हणून मी आईला शिकवलं की लाल दिवा लागला की हे बटण दाबायचं, तीन अंक मोजायचे आणि सोडायचं.

तिने ते मन लावून केलं. संध्याकाळी सांगायची, आज चारदा दाबलं, आज सहादा. डोकं दुखतं म्हणायची, पोळ्या लाटताना मळमळतं म्हणायची. मी तिला क्रोसिन देत होतो आणि थंडीत खिडकी उघडू नकोस असं वर सांगत होतो.

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी मी साडेपाचला घरी आलो, तर ती ओट्याखाली पडली होती. फॅन चालू होता. पुढचं दार, खिडक्या, अॅम्ब्युलन्स, नळीतून ऑक्सिजन, हे सगळं मी केलं किंवा झालं. दुसऱ्या दिवशी काळ्या कपड्यातला धुराडी तपासणारा माणूस आला. त्याने थेर्मे सील केली. घर असं बंद केल्यावर फॅनला हवा मिळणार कुठून, तो ती धुराड्यातून उलटी ओढत होता, असं त्याने मला समजावलं. पहिल्यांदा दिवा कधी लागला होता, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तीन आठवडे झाले. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तीन आठवडे ती तुम्हाला सांगत होती."

तुम्हाला मी फोनवर सांगितलं की उपासाने चक्कर आली. तशी शपथच आईने मला घातली होती. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाली, "स्नेहाला बोलू नकोस. दिनकररावांपुढे तुझी मान खाली जाईल." मला तेच हवं होतं. मी लगेच कबूल झालो, आणि फेब्रुवारीत ती बरी दिसली तशी तिला तुमच्याकडे परत पाठवली.

तुझं पत्र आल्यावर मी इथल्या हॉस्पिटलात जाऊन विचारलं. या वायूची बाधा झाल्यावर माणूस बरा होऊन घरी जातो आणि काही आठवड्यांनी असा विसरायला लागतो, असं काहींचं होतं, म्हणाले. बरेच जण हळूहळू सावरतात, पण उपचार करणाऱ्याला कारण माहीत हवं. त्यांचा कागद सोबत जोडलाय, मागे इंग्रजीत लिहून दिलंय. हे पत्र मिळेल त्याच दिवशी तो डॉक्टरांना दाखव. दिनकररावांनाही सगळं वाचून दाखव. तुझा यात काही दोष नाही, तू तिला धडधाकट पाठवली होतीस. मी हे मंगळवारीच लिहायला हवं होतं, निदान फोनवर सांगायला हवं होतं, पण शपथेच्या आड लपून बसलो होतो. आज सकाळी तू फोन आईकडे दिलास ना, तेव्हा ती हळूच म्हणाली, "चारू, मला एकदा तुझ्याकडे जर्मनीला ने की रे. सगळ्यांच्या आया जाऊन आल्या." मी हो म्हणालो.

तुझाच,
चारुदत्त