तळघरातल्या शाफ्टवरचा अंगठा

“पुसू नकोस हॉलिस, ती मी आहे.”

माझी आई अर्डिथ प्रुइट माझ्या वडिलांना हे वाक्य म्हणाली, तेव्हा मी सात वर्षांची होते. वडिलांच्या हातात पेट्रोलात भिजवलेलं फडकं होतं. पुढची सगळी कलमं या वाक्यावर उभी आहेत म्हणून ते आधी लिहिलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी होत नाही, असं वकीलसाहेबांचं म्हणणं आहे. या मृत्युपत्राची झाली.

मी, लोरीन प्रुइट, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा जुन्या मोटारींच्या सीटा शिवण्याचा, राहणार फ्लिंट, मिशिगन, लिहून ठेवते की माझी फुफ्फुसं कामातून गेली असली तरी डोकं जागेवर आहे. हा कागद मी स्वतःच्या मर्जीने करत आहे. याआधी असा कागद केलेला नाही, यानंतर करण्याइतका दम उरणार नाही.

कलम १. राहतं घर, तळघरासह, माझी भाची जोलीन हिला द्यावं. ही माझा भाऊ ड्वेन याची मुलगी. टोलिडोच्या दवाखान्यात परिचारिका आहे आणि आजारी माणसाशी लाडे लाडे बोलत नाही, एवढं कारण मला पुरेसं आहे. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही. घराला कोणता रंग द्यावा, हे तिने तिच्या बापाला विचारू नये.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझं दफन उरकावं. उरेल ते जोलीनचं. शवपेटी साधी असावी. चकाकी नको.

कलम ३. शिवणयंत्र, वाकड्या सुया आणि कड्या आवळायची पक्कड गावातल्या संध्याकाळच्या शिवणवर्गाला द्यावी. शिकणाऱ्यांना माझ्या वतीने एक गोष्ट सांगावी. सीट कारखान्यातली आहे की नंतर कुणी केलेली, हे वरून पाहून कळत नाही. ती उलटी करावी. जिथे कुणी बघणार नाही तिथे माणूस घाईने काम करतो, आणि ती घाई प्रत्येक हाताची वेगळी असते.

कलम ४. माळ्यावर जुन्या रेक्झिनचे गुंडाळे आहेत, आई काम करायची तो मोटारींचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने आणलेले. ते ड्वेनच्या जुन्या मोटारींच्या शौकीन मंडळातल्या कुणालाही विकू नयेत, फुकट तर मुळीच देऊ नयेत. त्यातल्या एकाने माझ्याकडून वीतभर तुकडा नेला, नव्या सीटखाली चिकटवला आणि सगळी सीट अस्सल म्हणून खपवली. वर मला म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका बाई, तुमच्या तुकड्याला चांगलं घर मिळालं.” या लोकांची मला किळस येते. इंजिनवरचा आकडा तासून नवा ठोकतात. नव्या बोल्टवर जुनी खूण कोरतात. रंग भट्टीत तापवून म्हातारा करतात. कारखान्यातल्या बायका घाईत ज्या खडूच्या रेघा ओढायच्या, त्यांचे साचे आता डबीत घालून विकतात. एखाद्या सुट्या भागावर ओतल्याची तारीख गाडीच्या नंतरची निघाली, तर तो तिच्याबरोबर जन्मलेला नाही, इतकी साधी ही विद्या. तिचा उपयोग यांनी खोटं पकडण्यापेक्षा खोटं बिनचूक करण्यासाठी जास्त केला. रेक्झिनच्या उशा शिवून आमच्या चर्चच्या कडक बाकांवर घालाव्यात.

कलम ५. तळघराच्या तुळईला टांगलेला लोखंडी शाफ्ट. हे कलम लांब आहे.

आई मोटारींच्या कारखान्यात खड्ड्यात उभी राहून काम करायची. गाड्या डोक्यावरून सरकत जायच्या. मागच्या चाकांचा एक्सल आणि इंजिनाचा जोर त्याच्यापर्यंत नेणारा लांब शाफ्ट, दोन्ही तपासायचे आणि प्रत्येकावर हिरव्या रंगाचा एक फटका मारायचा, हे तिचं काम. ती डावखुरी. तिच्या फटक्याची शेपटी बाकीच्यांच्या उलट बाजूला जायची. मुकादम ओरडायचा, “अर्डिथ, उजव्या हाताने मार की गं!” ती म्हणायची, “उजव्या हातात माझी कॉफी आहे.”

१९७० साली वडिलांनी त्याच कारखान्याची गाडी मागवली. दोन दारांची, गर्द हिरवी, इंजिन घरच्या गाडीच्या मानाने फारच मोठं. मागणीचा आकडा आईला पाठ होता. ती गाडी डोक्यावर आली तेव्हा तिने नेहमीचे दोन फटके मारले आणि दोन्हींच्या ओल्या रंगात आपला डावा अंगठा दाबला.

पुढे शाफ्टचा सांधा गेला. वडिलांनी भंगारातला दुसरा शाफ्ट बसवला आणि काढलेला पुसायला घेतला, तेव्हा ती वरचं वाक्य म्हणाली. वडिलांनी फडकं खाली ठेवलं. शाफ्ट तळघरात टांगला गेला. एक्सल गाडीतच राहिला. वडिलांच्या पश्चात गाडी ड्वेनला मिळाली, घर मला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ड्वेनने गाडी नव्यासारखी केली. गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या परीक्षकांनी काठीला आरसे बांधून तिचं पोट तपासलं आणि तिला पितळी पाटी दिली: ‘कारखान्यातून निघाली तशी’. त्याने मला कौतुकाने बोलावलं. मी माझ्या चाकांच्या फळीवर आडवी होऊन माझा दिवा घेऊन गाडीखाली गेले. एक्सलवर हिरवा फटका होता. ताजा, सुबक, आणि शेपटी उजवीकडे.

“ड्वेन, आईचा फटका कुठे गेला?”

“हा काय, तुझ्या नाकासमोर.”

“हा नाही. आधीचा.”

“तो होय? अगं, तो बरबटलेला होता. कुणाचं तरी बोट लागलं होतं. घासून टाकला आणि पुस्तकात आहे तसा मारला.”

“कुणाचं तरी नाही. आईचा अंगठा होता तो.”

मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

“मग काय करायचं होतं मी?” तो म्हणाला. “परीक्षकांना सांगायचं, हा डाग नाही, आमच्या मातोश्री आहेत? गुण कापतात, लोरी.”

मी बाहेर आले आणि अंगणात ओकले. तो म्हणाला, “औषधांनी होतंय.” औषधं तेव्हा सुरू झाली नव्हती.

आता त्याला तो शाफ्ट हवा आहे. गाडीत भंगारातला आहे म्हणून याहून वरच्या दर्जाची पाटी अडली आहे. दर रविवारी कोनी, म्हणजे आमच्या गावचा खिमा घातलेला सॉसेज-पाव, घेऊन येतो, मला खाववत नाही हे माहीत असून, आणि तळघराच्या दाराकडे बघत बसतो. “नुसता स्वच्छ करीन गं,” म्हणतो. नुसता!

तरी हा शाफ्ट जोलीनला द्यावा. त्याला पेट्रोल, ब्रश, वाळूचा कागद लावू नये. कोरड्या कापडानेही पुसू नये. नवा सांधा बसवला तर तो आजही फिरेल, म्हणून त्याला शोभेची वस्तू करून भिंतीवर लावू नये. जोलीनला वाटलं तर तिने तो बापाला द्यावा. पण आधी त्याला दिवसाउजेडी, चष्मा लावून, अंगठा बघायला लावावा. तो खरंच बघतो की नाही, हे पारखण्याचं काम मी तिच्यावर सोपवते, कारण मला ते जमलं नाही. मी त्याची बहीण आहे, मला राग लवकर येतो.

कलम ६. माझा भाऊ ड्वेन याला ती चाकांची फळी आणि तो दिवा द्यावा. दुसरं काही नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी जोलीनने करावी. कुणी हरकत घेतल्यास तिने त्याला कॉफी पाजून परत पाठवावं.

ठिकाण: फ्लिंट, मिशिगन. दिनांक: ४ ऑक्टोबर २०२४.

सही: लोरीन प्रुइट

साक्षीदार: बर्निस ओल्शेव्स्की, शेजारीण. हिने हे सगळे महिने मला सूप आणून दिलं. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणून हिच्या नावे काही नाही, आणि ती म्हणते, “ठेवलं असतंस तर डबे परत मागितले असते.”

साक्षीदार: क्लाइड मॅबरी, चर्चचा ऑर्गनवादक.

सहीच्या खाली लिहिलेलं कुणावर बंधनकारक नसतं, असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून हे इथे लिहिते.

ड्वेन, जोलीनकडे जा आणि शाफ्ट माग. तो आहे तसा गाडीला लाव, गंजासकट, अंगठ्यासकट. मग मंडळाच्या मेळाव्याला ने. परीक्षक आरसा खाली सरकवून विचारतील, “हा डाग कसला?” तेव्हा गुण जाऊ दे, पाटी जाऊ दे, आणि त्यांना सांग, “पुसू नका, ती आमची आई आहे.” तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी सांग.